अक्कांची निलगिरी

लेस्टर शहरातील त्या घराच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या भिंतीवर, षड्लेश्येचे जुने चित्र आहे. सांगली जिल्ह्यातील माहेरच्या गावाहून १९७९ साली निघताना अक्कांनी ते लुगड्यांच्या घडीत ठेवून आणले होते. फळांनी लगडलेले जांभळीचे झाड आणि त्याच्याशी आलेले सहा भुकेले वाटसरू. एक झाड बुंध्यातून तोडायला निघालेला, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा केवळ पिकली फळे. आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचणारा. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचे सारे रंग आता विटले आहेत. पहिल्या माणसाच्या हातातील कुऱ्हाड मात्र अजून स्पष्ट दिसते.

२०२३ च्या फेब्रुवारीत याच खिडकीतून अक्कांनी परसातील निलगिरी उतरवली जाताना पाहिली. दोराला लोंबकळत वर चढलेला माणूस एकेक फांदी कापून खाली सोडत होता. दुपारपर्यंत छपराच्या वर दिसणारा सारा हिरवा भाग नाहीसा झाला आणि तीस वर्षांत कधी न दिसलेले शेजारच्या गल्लीतले धुराडे स्वयंपाकघरातून दिसू लागले. अण्णा त्या दिवशी पुढच्या खोलीत बसून होते. करवतीचा आवाज थांबेपर्यंत ते मागे आले नाहीत.

झाड अण्णांनीच लावले होते, १९९४ मध्ये. बाजारातून गुडघ्याएवढे रोप आणले. कुंडीला अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘युकॅलिप्टस गन्नी’ हे नाव, रुपेरी पानांचे चित्र आणि थंडी सोसणारे झाड एवढाच मजकूर होता. अण्णांनी एक पान चुरगळून हुंगले आणि पुढे काही वाचले नाही. त्या वासात गावचा कालवा, बांधावरची निलगिरीची रांग, सर्दी झाली की आई रुमालावर टाकायची ते तेल, सगळेच होते. रोप स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसावे म्हणून भिंतीपासून अवघ्या चार मीटरांवर लावले.

निलगिरी हे आपल्याकडचे नाव ऐकून पुष्कळांना हे झाड दक्षिणेतल्या डोंगरांचे मूळ रहिवासी वाटते. वस्तुतः सातशेहून अधिक जातींचा हा परिवार जवळजवळ सगळा ऑस्ट्रेलियाचा. उटकमंडच्या परिसरात त्याची पहिली लागवड १८४३ च्या सुमारास झाली, ती मुख्यतः टास्मानियातून आलेल्या ‘ग्लोब्युलस’ या जातीची. आणि जिथे पाहुणा म्हणून आला त्या डोंगराचे नाव मराठीने झाडालाच देऊन टाकले. ही ‘ग्लोब्युलस’ मध्य इंग्लंडच्या थंडीत टिकत नाही. उणे सहा-सात अंशांच्या पलीकडे तिचा निभाव कठीण, आणि लेस्टरच्या पश्चिमेला फार दूर नसलेल्या श्रॉपशरमधल्या न्यूपोर्ट गावी १० जानेवारी १९८२ रोजी पारा उणे २६.१ अंशांवर गेला होता. इंग्लंडच्या नोंदींत तो आजही नीचांक आहे. अण्णांची ‘गन्नी’ टास्मानियाच्या मध्य पठारावरची, हिमात वाढलेल्या कुळातली. तिथले मूळ रहिवासी तिचा गोड रस गोळा करीत व तो आंबवून पीत, म्हणून इंग्रजीत तिला सफरचंदाच्या मद्यावरून नाव पडले आहे. अण्णांना ही माहिती पुढे कोणीतरी दिली तेव्हा ते म्हणाले होते, “बरं झालं, मला आधी कळलं नाही. आणलंच नसतं.”

२०१० चा डिसेंबर ब्रिटनमधला गेल्या शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. ओळखीच्या दोन घरांतल्या निलगिऱ्या त्या महिन्यात गेल्या. अण्णांच्या झाडाची पाने तपकिरी पडली आणि जूनपर्यंत पुन्हा पालवली. “कृष्णाकाठचं हाड आहे!” असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि झाड कृष्णाकाठचे नाही हे अक्कांनी कधी बोलून दाखवले नाही.

झाड थंडीने गेले नाही. ते गेले पाण्यामुळे. २०२२ च्या जुलैत लिंकनशरमध्ये पारा ४०.३ अंशांवर पोहोचला आणि तो सबंध उन्हाळा कोरडा गेला. लेस्टरच्या आसपास बरीच जमीन भारी चिकणमातीची. अशी माती पाणी गेले की आकसते, आले की फुगते. वीस मीटरांवर गेलेले सदाहरित झाड बारा महिने पाणी ओढते. निलगिरीची गणना तिकडचे बांधकाम-तज्ज्ञ सर्वाधिक पाणी घेणाऱ्या वृक्षांतच करतात. ऑगस्टअखेर मागच्या भिंतीला पायरीपायरीने वर चढणारी भेग पडली. विम्याच्या अभियंत्याने हिवाळाभर मापे घेतली. अण्णा स्वतः अभियंते. आकड्यांपुढे त्यांनी वाद घातला नाही. झाड तोडल्याने घर लगेच निर्धास्त होत नाही, वाळलेली माती पुन्हा ओली होऊन उलटी फुगूही शकते, हेही त्यांना ठाऊक होते. पण दुसरा मार्ग उरला नव्हता.

त्या संध्याकाळी सामायिकाला बसण्यापूर्वी ते अक्कांना म्हणाले, “त्या पोराचा काही दोष नाही. त्याचं ते काम आहे. तोडलं मीच, आणि आज नाही, लावलं त्याच दिवशी.”

हे शब्द अक्कांना फार लागले. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’चे वाचन त्या घरात वर्षानुवर्षे होत आले आहे. अनर्थदंडाचे जे प्रकार आचार्य समंतभद्रांनी सांगितले, त्यांत प्रमादचर्या आहे: प्रयोजन नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, वारा-विस्तवाचा खेळ करणे, वनस्पती छेदणे. आपल्याला हे व्रत ऐकताना कोणीतरी दुसरा डोळ्यांपुढे येतो. रस्त्याने जाता जाता पाने ओरबाडणारा, नळ उघडा टाकणारा. कुंडीवरची चिठ्ठी पुरती न वाचता लावलेले झाडही त्यात मोडते, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. समारंभात पाहुण्यांच्या हस्ते रोप लावले जाते, छायाचित्र निघते, आणि पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते. त्या पहिल्या रोपाचे काय झाले हे कोण विचारतो? अण्णांच्या झाडाला निदान एकोणतीस वर्षे मिळाली.

झाड तोडणाऱ्यांनी बुडख्याला लावायचे विष त्या दिवशी आणलेले नव्हते. आठवड्याने येऊन लावतो म्हणून गेले, ते आले नाहीत. मे महिन्यात बुडख्याच्या कडेने लालसर ठिपके दिसू लागले. पंधरा दिवसांत त्यांचे धुमारे झाले आणि त्यांवर गोल, रुपेरी, समोरासमोर बसलेली पाने आली. १९९४ च्या रोपावर होती तशीच. निलगिरीच्या वाढत्या झाडावर पाने बदलतात. बालपणीची गोल पाने जाऊन लांबट, विळ्यासारखी लोंबणारी पाने येतात. गेली पंचवीस वर्षे अक्कांनी तीच पाहिली होती. तोडलेले झाड मात्र पुन्हा बालपणापासून सुरू करते. अण्णांचे दुखणे तोवर वाढले होते. खुर्ची बाहेर नेऊन ते त्या धुमाऱ्यांजवळ बसत. कंत्राटदाराला पुन्हा फोन करायची आठवण लेकीने काढली तेव्हा म्हणाले, “राहू दे आता.” नोव्हेंबरमध्ये ते गेले.

वर्षश्राद्ध वगैरे त्या घरात करीत नाहीत. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन केंद्रात, जिथे एकाच छताखाली श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय नांदतात, अक्कांनी शांतिविधान केले. अण्णांच्या नावे एक झाड लावावे ही कल्पना लेकीची. अक्कांनी पहिल्यांदा नाही म्हटले. मग म्हणाल्या, “लावू. पण या खेपेला आधी सगळं विचारायचं, आणि मग लावायचं.”

२०२४ च्या एप्रिलमध्ये लेक, जावई आणि नात यांच्यासह त्या निलगिरीचीच रोपे वाढवणाऱ्या एका रोपवाटिकेत गेल्या. तिथल्या वयस्क माळ्याने झाडे दाखवण्याआधी प्रश्न विचारले. घर किती दूर? शेजाऱ्याचे घर किती दूर? माती कोणती, पावसाळी दिवसांत पाणी तुंबते का? पूर्वेचा वारा थेट येतो का? जागा उताराच्या तळाशी आहे का? आणि शेवटी: झाड वाढू देणार की दरवर्षी छाटणार? अक्कांनी लेकीकरवी सगळ्यांची उत्तरे दिली आणि मराठीत पुटपुटल्या, “हाच माणूस तेव्हा भेटायला पाहिजे होता.”

थंडी सोसणे म्हणजे केवळ तापमापीवरचा आकडा नव्हे, हे त्याने समजावले. इंग्लंडातील ओक किंवा बर्च शरद ऋतूत कळ्या मिटून झोपी जातात. निलगिरीला तशी झोप नाही. तिच्या कळ्यांना हिवाळ्याचे कवच नसते. हवा उबदार राहिली तर ती नोव्हेंबरातही कोवळी फूट काढते, आणि एका रात्रीत पारा घसरला की ती फूट करपते. हळूहळू वाढणाऱ्या गारठ्यात जे झाड उणे पंधरा अंश सहज सोसते, तेच अवचित आलेल्या उणे आठ अंशांना बळी पडू शकते. जमीन गोठलेली आणि वर कोरडा पूर्ववारा, असे झाले की पानांतून पाणी उडत राहते पण मुळांना काही ओढता येत नाही. झाड थंडीने नव्हे, तहानेने मरते. बी कुठले यालाही फार महत्त्व. एकाच जातीचे बी डोंगरमाथ्यावरून आणलेले असेल तर रोप काटक निघते, पायथ्याचे असेल तर नाजूक. अण्णांच्या झाडाचे बी कुठले होते हे आता कळण्याचा मार्ग नव्हता. २०१० मध्ये ते जगले त्यावरून उंचावरचे असावे, असा माळ्याचा तर्क.

नातीला ‘पेरिनियाना’ आवडली. हिची बालपणाची पाने देठाभोवती जुळून गोल चकती होते आणि दांडा तिच्या मधोमध आरपार जातो. चकती वाळली की वाऱ्यावर दांड्याभोवती गरगर फिरते. झाड लहान, काटकही बऱ्यापैकी. पण ती देखणी राहावी म्हणून वारंवार छाटावी लागते, असे कळताच अक्कांनी मान हलवली. ‘पार्व्हुला’ बारीक पानांची, चुनखडीच्या जमिनीतही तग धरणारी, आटोपशीर. ती बराच वेळ विचारात राहिली. ‘डॅलरिंपलियाना’चे पांढरेशुभ्र खोड पाहून जावई हरखले, पण ती अण्णांच्या झाडाइतकीच, किंबहुना जास्तच उंच जाणारी. तिच्याजवळ कोणी थांबले नाही.

शेवटी समोर आली हिमनिलगिरी. ‘पॉसिफ्लोरा’ जातीची ‘निफोफिला’ ही उपजाती. ग्रीक शब्दाचा अर्थच हिमावर प्रेम करणारी. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातील स्नोई पर्वतरांगांत, जिथे वृक्षांची सीमा संपते तिथवर ती वाढते आणि महिनोन्महिने बर्फात उभी राहते. उणे अठरा अंशांच्या आसपास थंडी सोसते. पाने जाड, चामड्यासारखी, शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर धावणाऱ्या. कोवळ्या डहाळ्या हिवाळ्यात लालबुंद, नंतर त्यांवर पांढरी भुकटी. खोडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी गळते आणि आतून मलईसारखा, राखाडी, हिरवट रंग उमटतो, माळ्याकडच्या तीस वर्षांच्या झाडाला हात लावून नात म्हणाली, “अजगरासारखं आहे.” त्या झाडाची उंची सात मीटरांच्या आसपास होती. अक्कांनी ती दोनदा विचारून घेतली.

“हे फार सावकाश वाढतं,” माळी म्हणाला. “काही लोकांना घाई असते.”

“मला घाई नाही,” चौऱ्याहत्तर वर्षांच्या अक्का म्हणाल्या. “आमच्या ह्यांनाही नसणार.”

जावयांना तीन मीटर उंचीचे तयार झाड हवे होते. निदान या पावसाळ्यात काहीतरी दिसले पाहिजे. माळ्याने तसे एक झाड कुंडीतून अलगद काढून दाखवले. कुंडीच्या कडेने मुळे गोल गोल फिरली होती, दोरीच्या वेटोळ्यासारखी. अशी मुळे जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतात, आणि दहा वर्षांनी डोलारा जड झाला की एखाद्या वादळात झाड बुंध्याशी कलंडते. निलगिरी पडण्याचे हे फार नेहमीचे कारण. वितीपासून हातभर उंचीचे, कुंडीत फार दिवस न राहिलेले रोप लावले तर ते दोनतीन वर्षांत मोठ्याला गाठते. अक्कांनी ओळीतले सर्वांत लहान रोप उचलले.

परत निघताना बुडख्याचा विषय निघाला, आणि इथे मायलेकींचे जुळेना. भेगेची मापे अजून चालू होती. अभियंत्याने दोनच पर्याय दिले होते: बुडखा विषाने मारणे, किंवा धुमारे कधीही झुडपाहून मोठे होऊ न देणे, पाने थोडी तर पाणीही थोडे. लेकीचे म्हणणे, एकदाच काय ते संपवावे. दरवर्षी कापत राहायचे, ही कुठली दया? अक्कांना या प्रश्नाचे उत्तर सापडत नव्हते. विष म्हणजे ठरवून मारणे. छाटणे म्हणजे दरवर्षीचा छेद, तोही आपल्या हातांनी. त्यातून त्यांना आणखी एक शंका होती. बुंध्याशी, मातीच्या पातळीला, निलगिरीची एक लाकडी गाठ असते. तिच्यात शेकडो सुप्त डोळे दडलेले असतात आणि वणव्याने किंवा हिमाने वरचे सगळे गेले तरी त्यांतून झाड पुन्हा उठते. माळ्याने ती दाखवली तेव्हा अक्का चपापल्या. हा कंद तर नव्हे? कंद म्हणजे अनंतकाय. त्याला कसे मारायचे? लेकीने प्रश्न कसाबसा इंग्रजीत घातला. माळी हसला नाही. कंद नव्हे, लाकूडच आहे, म्हणाला. मात्र झाडाचा खरा जीव तिथेच आहे. जिथून हे झाड आले तिथे आग आणि बर्फ हेच त्याला छाटतात.

त्या वर्षीच्या दशलक्षण पर्वात भारतातून आलेल्या पंडितजींना अक्कांनी हेच विचारले. त्यांनी संकल्पी आणि आरंभी हिंसेतला भेद सांगितला, जो अक्कांना पाठ होता. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे सुटत नाही, ती जितकी कमी करता येईल तितकी करावी, एवढे म्हणून ते थांबले. मग त्यांनी विचारले, “घराच्या भिंतीपासून किती फूट?” अक्कांना त्यांचा तो प्रश्न उत्तरापेक्षा अधिक आवडला.

नवे रोप मात्र त्याआधीच, मे महिन्यात, शेवटचे थंडीचे दिवस सरल्यावर लावले गेले. परस सव्वीस मीटर लांब. जावयांनी फीत धरून घरापासून वीस मीटर मोजले; अक्कांनी त्यांना कुंपणावरून शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंतही मोजायला लावले. तळाकडची जागा सखल, थंड हवा तिथे साचणारी. दुसऱ्या कुठल्या जातीला ती चालली नसती. चिकणमातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली तर तो खड्डा हिवाळ्यात पाण्याची विहीर होतो, म्हणून खड्डा न करता पसरट उंचवटा केला आणि रोप त्यावर बसवले. खत घातले नाही; भरपूर खताने पाने वाढतात, मुळे नाहीत. भोवतीचे गवत मीटरभर काढून त्यावर लाकडाचा भुसा पसरला. काठीचा आधारही दिला नाही, वाऱ्याशी झुंजूनच बुंधा मजबूत होतो. गांडुळे वर आली ती अक्कांनी एकेक उचलून कुंपणाच्या सावलीत नेऊन ठेवली. त्यामुळे अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागले, आणि घाई कोणी केली नाही.

पहिला उन्हाळाभर दर आठवड्याला एक बादली पाणी, गाळून. नोव्हेंबरात रात्रीचे दव गोठू लागले तशा कोवळ्या डहाळ्या लाल झाल्या. घाबरून लेकीने फोन केला. माळी म्हणाला, हे आजारपण नव्हे, झाड तयारी करते आहे. जानेवारीत एका सकाळी पारा उणे सातवर होता. पाने काचेसारखी ताठ झाली होती. दुपारी ती पुन्हा लवली.

मार्चमध्ये, पालवी फुटण्याआधी, अक्कांनी बुडख्यावरचे धुमारे स्वतः कापले. माणूस बोलवायला त्यांनी नकार दिला. दोन उन्हाळ्यांत धुमारे डोक्याच्या वर गेले होते. एकेक फांदी हातात घेऊन, जमिनीपासून वीतभर ठेवून, त्या कात्रीने कापत गेल्या आणि प्रत्येक वेळी थांबल्या. सगळ्या मात्र कापल्या नाहीत. खिडकीकडच्या बाजूचे दोन बारीक धुमारे, कमरेएवढे, ठेवले. अभियंत्याच्या पत्रात झुडूप चालेल असे होते आणि दोन धुमाऱ्यांचे झुडूप होते की नाही, हे त्यांनी लेकीला विचारले. लेक हसली आणि तिने मोजपट्टी आणली.

कापलेल्या फांद्या स्वयंपाकघरातील पितळी कळशीत उभ्या केल्या आहेत. चुलीची वाफ लागली की त्यांचा वास घरभर होतो. येत्या पावसाळ्यात पाने वाळली की ती सुटी करून छोट्या पिशव्या शिवायच्या आहेत, लोकरीच्या कपड्यांत ठेवायला. गावाकडच्या जावेने फोनवर विचारले, तुमच्याकडे बर्फ पडतो तिथे निलगिरी कशी? अक्कांनी तिला आधी जातीचे नाव सांगितले, मग घरापासूनचे अंतर.